शितावरून सुशीची परीक्षा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आमच्या कानावर आलं आहे. खांबसारख्या गावात, भातशेतीच्या मुलखात, जपानी सुशीवर व्याख्यान कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं: सुशी हा भाताचा पदार्थ आहे, आणि भाताबद्दल बोलायचं तर ते इथंच बोललं पाहिजे. रोह्यात जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले १९५४ साली जपानमधल्या जागतिक परिषदेत बोलून आले. तेव्हा जपान आणि रोहा तालुका यांची गाठ काही आम्ही पहिल्यांदा घालत नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातला सौंदर्यशास्त्र हा आमचा आवडता भाग. या शास्त्रातला एक जुना प्रश्न आज घ्यायचा आहे. 'हे चांगलं आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या वस्तूबद्दल काही सांगतो, की फक्त स्वतःच्या जिभेबद्दल सांगतो? हा प्रश्न कवितेबद्दल विचारला की सगळे गंभीर होतात, जेवणाबद्दल विचारला की हसतात. आम्हांला तो जेवणाबद्दल विचारायचा आहे, कारण तिथं तो सर्वांत अवघड होतो.

आधी सुशी म्हणजे काय ते पाहू.

आपल्याकडे समज असा की सुशी म्हणजे कच्चा मासा. तसं नाही. या शब्दाच्या मुळाशी 'आंबट' असा अर्थ आहे, आणि तो आंबटपणा भाताचा आहे. फार जुन्या काळी मासा टिकवण्यासाठी तो मिठात घालत, मग शिजलेल्या भातात दाबून महिनोन् महिने ठेवत. भात आंबायचा आणि त्या आंबटपणानं मासा टिकायचा. खाताना मासा घ्यायचा, भात फेकून द्यायचा. जपानातल्या बिवा सरोवराकाठी आजही गोड्या पाण्यातल्या माशाची अशी सुशी करतात, तिला फुनाझुशी म्हणतात. म्हणजे मूळ कल्पना आपल्या खाऱ्या मासळीच्या जवळची: हंगामात मिळालं ते बेगमीला ठेवायचं.

पुढं लोकांना धीर निघेना. महिनोन् महिने थांबण्यापेक्षा भाताला सरळ शिरका लावला तर? १८०४ च्या सुमारास हांदा गावच्या नाकानो नावाच्या मद्य करणाऱ्यानं साकेच्या चोथ्यापासून स्वस्त शिरका बनवला. १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई या माणसानं शिरक्याच्या भाताची मूद हातानं वळून तिच्यावर माशाचा काप ठेवून विकायला सुरुवात केली, असं मानतात. हीच निगिरी सुशी. ती रस्त्यावरच्या गाडीवर मिळे, आजच्या दुप्पट-तिप्पट आकाराची असे, कष्टकरी माणूस उभ्या उभ्या खाऊन कामाला लागे. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. आपल्या एस.टी. स्टँडवरचा वडापाव आणि ती सुशी, दोघांची जात एकच.

तेव्हा बर्फ नव्हता. म्हणून मासा मिठात घालून शिरक्यात बुडवायचे, सोया सॉसमध्ये मुरवायचे, काही शिजवायचे. निव्वळ कच्चा मासा हा थंड पेट्या आल्यानंतरचा प्रकार. आज ट्यूनाच्या पोटाकडच्या चरबीदार तुकड्याला सोन्याचा भाव आहे. एके काळी त्याची अशी अवहेलना होती की मांजरसुद्धा तो ओलांडून पुढं जाईल, असं जपानी लोक म्हणत. जानेवारी २०१९ मध्ये टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. मासा तोच, जीभही माणसाचीच. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बदललं काय? शीतगृह आलं, विमान आलं, खिशात पैसा आला, आणि चवीची सवय बदलली. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा वाद यावर आहे.

मग ही गाडीवरची वस्तू पंचतारांकित झाली. टोकियोच्या गिंझा भागात एका इमारतीच्या तळघरात जिरो ओनो यांचं दहा खुर्च्यांचं दुकान. २००७ साली त्याला मिशलेनचे तीन तारे मिळाले, २०११ साली त्यावर माहितीपट निघाला, २०१४ साली ओबामा तिथं जेवले. २०१३ साली जपानी आहारपद्धतीला युनेस्कोनं सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या मुंबईत १९०३ सालच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली मोरिमोतो या नामांकित आचाऱ्याच्या नावाचं 'वसाबी' सुरू झालं, आणि त्यानंतर मुंबईत अशी ठिकाणं वाढत गेली.

आता परीक्षण.

अशाच एका महागड्या जपानी उपाहारगृहात भाचेजावयांनी आम्हां उभयतांना आग्रहानं नेलं. नाव सांगत नाही, कारण सांगायचंय ते त्या एका जागेपुरतं नाही. प्रकाश मंद, लाकूड गुळगुळीत, आवाज हळू. पहिली गोष्ट सांगितली गेली ती ही की मासा टोकियोहून विमानानं आलेला आहे. मासा उत्तम होता, यात शंका नाही. काप स्वच्छ, धारदार सुरीचे, कुठं फाटलेला धागा नाही. चरबीदार ट्यूना जिभेवर विरघळला. मीठ-शिरक्यात मुरवलेला बांगड्याच्या जातीचा मासा तर त्याहून सरस: आधी आंबट, मग तेलकट, मग गोडसर, अशी चव पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेली.

पण भात? भात थंड होता. फ्रिजमध्ये गेलेला भात जसा आतून कडक होतो, तसा. निगिरीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट हवा. मूद अशी वळलेली हवी की बोटांत धरली तर मोडू नये आणि तोंडात घातली की शीत न् शीत सुटावं. आमच्या पानातली मूद सुटली नाही, ती लाडवासारखी चावावी लागली. हिरवी वसाबी वरून थापलेली. खरी वसाबी ही वाहत्या गार पाण्यात वाढणारी मुळी, ती आयत्या वेळी किसतात आणि तिचा झणका क्षणात जातो. बहुतेक ठिकाणी मिळते ती दुसऱ्याच एका तिखट मुळाला हिरवा रंग दिलेली लुकणी. तिनं मासा झाकला.

तेव्हा आमचा निर्णय असा: मासा पहिल्या वर्गाचा, सुशी नापास. यात विरोधाभास नाही. सुशी भाताची असते. मासा तिथं तोंडी लावणं आहे, फक्त ते खाली न ठेवता वर ठेवलेलं आहे. आपल्या मराठीनं शितावरून भाताची परीक्षा करायला सांगितलं; सुशीला हा नियम जितका लागू आहे तितका क्वचितच कशाला असेल. जपानी आचारी शिकाऊ मुलाला वर्षानुवर्षं माशाला हात लावू देत नाहीत. आधी भात. या हॉटेलनं विमानभाडं माशासाठी भरलं, भातासाठी माणूस शिकवला नाही. पैशानं विकत मिळतं ते घेतलं. वेळ देऊन कमवावं लागतं ते सोडलं.

इथं तत्त्वज्ञानाचा माणूस अडवतो.

तो म्हणतो, 'तुम्हांला भात आवडला नाही, शेजारच्या टेबलावर सगळे खूश होते. मग तुमचं मत खरं कशावरून?' कांटनं १७९० साली हेच लिहिलं. मद्याबद्दल बोलताना 'हे सुखद आहे' म्हणू नका, 'मला सुखद आहे' म्हणा. सुंदर म्हणायचा अधिकार वेगळा, तिथं आपण सगळ्यांची संमती मागतो. म्हणजे कांटच्या लेखी जेवण हे आवडीनिवडीच्या पातळीवरच राहिलं.

ह्यूमनं त्याच्याआधी, १७५७ साली, दोन माणसांची गोष्ट सांगितली. ती त्यानं डॉन किहोटे कादंबरीतून घेतली. दोघांना पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम, पण किंचित कातड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव आहे. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी कातडी वादी बांधलेली किल्ली निघाली. ह्यूमचं म्हणणं असं की चव जिभेत असली तरी तिला वस्तूचा आधार असतो. चांगल्या पारख्याला सराव हवा, तुलनेची सवय हवी आणि पूर्वग्रहापासून सुटका हवी.

भरतमुनींना तर या दोघांसारखी अडचणच आली नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना त्यांनी दृष्टान्त जेवणाचाच घेतला: अनेक व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न प्रसन्न मनाचा माणूस चाखतो, तसा प्रेक्षक नाट्य चाखतो. आपण आजही कवितेच्या वाचकाला 'रसिक' म्हणतो, तो शब्द पाटावरूनच उठून रंगमंदिरात गेला. रा. भा. पाटणकरांनी १९७४ साली 'सौंदर्यमीमांसा'त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिका मांडल्या. कला रोजच्या जगण्याचाच भाग, की त्याहून वेगळी? सुशीचा काउंटर या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. पोटही भरायचंय आणि चिंतनही करायचंय.

आमची भूमिका ह्यूमच्या जवळची आहे, एका दुरुस्तीसह. 'भात थंड होता' हे आमच्या जिभेचं मत नव्हे, तापमापकानं पडताळता येईल असं विधान आहे. 'निगिरीचा भात थंड असू नये' हा त्या विद्येच्या आतला नियम आहे. कारणंही आहेत: थंड भात कडक होतो, शीत सुटत नाही, माशाची चरबी त्याच्याशी मिळत नाही. म्हणजे आपल्या निर्णयाला वस्तुस्थिती आहे, नियम आहे आणि नियमाला कारण आहे. यापेक्षा अधिक पुरावा कवितेच्या समीक्षेतही क्वचित मिळतो. शेजारचे लोक खूश होते ते खरंच. पण ते कशावर खूश होते, हे विचारायला हवं. ह्यूमच्या यादीतला पूर्वग्रह आज बिलावर छापलेला असतो. किंमत मोठी म्हणजे चव मोठी, हा तो पूर्वग्रह.

आता बिल. दोघांचं दहा हजारांच्या वर गेलं. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे चार क्विंटलहून जास्त भाताची किंमत, आणि पानात आलेला भात दोन मुठी. हा हिशेब आम्ही कोणाला लाजवायला मांडत नाही. कसबाला पैसा मोजावाच लागतो, आणि मोजावा. प्रश्न एवढाच की मोजलेला पैसा कसबाला गेला का?

दुसरी गोष्ट 'ओमाकासे'ची.

या शब्दाचा अर्थ 'तुमच्यावर सोडलं'. गिऱ्हाईक काही मागत नाही, आचारी देईल ते खातो. लोकांना यात मोठी अद्भुतता वाटते. पण आपली खानावळ काय वेगळं करत होती? आज काय आहे ते फळ्यावर लिहिलेलं, पानात पडेल ते खायचं, आणि पानात टाकायचं नाही. फरक आहे तो विश्वासाच्या रचनेत. दहा खुर्च्यांच्या दुकानात आचारी समोर उभा असतो. तुमचा हात डावखुरा आहे का, तुम्ही हळू खाता का, हे पाहून तो पुढचा घास वळतो. गिऱ्हाईकही त्याची सुरी पाहत असतं. दोघं एकमेकांची परीक्षा घेतात, म्हणून तो विश्वास डोळस. आम्ही गेलो तिथं आचारी भिंतीपलीकडे, मध्ये तीन वाढपी. तिथं 'तुमच्यावर सोडलं' म्हणजे 'आम्हांला यातलं कळत नाही' एवढंच उरतं. तो विश्वास नव्हे, शरणागती.

आणि आपल्या घरचं ओमाकासे? तेही तपासू, नाहीतर आपली परीक्षा एकांगी होईल. जपानात बायकांचे हात गरम असतात म्हणून त्यांनी सुशी वळू नये, असं कैक वर्षं सांगत आले. आपण तसं काही म्हणत नाही. आपण सगळा स्वयंपाक बायकांवर सोपवतो, त्या शेवटी जेवतात, आणि त्यांच्या कसबाला नाव देत नाही. तिथं कसबाला नाव आहे, पण बाईला मज्जाव. इथं बाईला मज्जाव नाही, पण तिच्या कसबाला नाव नाही. दोन्ही अन्याय, फक्त वेगवेगळ्या भांड्यांत शिजलेले.

नाव नाही म्हणून ज्ञान नाही, असं नव्हे. रोह्याच्या किंवा पेणच्या बाजारात कोळीण पाटीपुढं बसलेली असते. ती कल्ला उचलून लालपणा दाखवते, डोळा दाखवते, बोटानं मांस दाबून ते परत वर येतं का ते दाखवते. खाडीचा जिताडा आणि तळ्यातला जिताडा ती दुरून ओळखते. कोणता मासा कोणत्या भरतीला भरतो, आषाढात काय घ्यावं, पोळ्याला काय, हे तिला पाठ आहे. ह्यूमनं पारख्याची जी लक्षणं सांगितली, सराव, तुलना, बारीक संवेदना, ती सगळी तिथं आहेत. जपानी भाषेत हंगामाच्या ऐन भरातल्या चवीला 'शुन' म्हणतात आणि त्यावर पुस्तकं लिहितात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा निघतात, पहिल्या पावसात ओढ्याला वळगणीचे मासे चढतात, थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लागते. हेही 'शुन'च. बारमाही विमानानं येणारा मासा खाणाऱ्याला मात्र 'शुन' शब्द माहीत असतो, हंगाम माहीत नसतो.

मग हानी कशाची होते आहे?

चव वस्तूवर टेकलेली असते हे आपण मान्य केलं. तर मग वस्तू गेली की चवही जाते, आणि तिची पारख करणारी विद्याही जाते. ब्लूफिन ट्यूनाचंच बघा. जगाला सुशीची गोडी लागली आणि तो मासा संपत आला. २०१० साली दोहा इथल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत अटलांटिकच्या ब्लूफिनच्या व्यापारावर बंदीचा प्रस्ताव आला, तो फेटाळला गेला. तरी पकडीच्या मर्यादा कडक केल्या, आणि २०२१ साली जागतिक यादीत त्याचा धोका कमी झाल्याची नोंद झाली. म्हणजे माणसानं ठरवलं तर सावरता येतं.

आपली कुंडलिका बघा. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, कोलाडवरून रोह्याला जातं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. कालव्याला पाणी वेळेवर सुटलं तर इथं उन्हाळी भातही होतो. त्याच नदीच्या काठी रासायनिक कारखाने आले, आणि खाडीतल्या मासळीचं काय झालं ते इथल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगायची गरज नाही. महामार्गालगतच्या शेतांत भराव पडतो आहे. खारबंदिस्ती फुटली की खारं पाणी भातात शिरतं. या सगळ्याची बातमी 'विकास' किंवा 'प्रदूषण' या सदरात येते. आम्ही ती अभिरुचीच्या सदरातही घालू इच्छितो. ज्या मुलानं खाडीचा जिताडा कधी खाल्लाच नाही, त्याला तो गेल्याचं दुःख कसं होणार? ज्याची पारख उरली नाही, त्याच्यासाठी कोणी भांडत नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला: 'हे श्रीमंतांचे चोचले, त्यावर वेळ का दवडता?' पण सुशी जन्मली कष्टकऱ्यांच्या गाडीवर. चोखंदळपणा ही श्रीमंतांची मिरासदारी आहे असं मानणं म्हणजे गरिबाला जीभ नाही असं मानणं. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: 'आपलंच श्रेष्ठ, परक्याचं कशाला?' हेही परीक्षा टाळणंच. जिताड्याचं कालवण चिंच जास्त पडून बिघडलं, तर ते आपलं आहे म्हणून चांगलं होत नाही. आणि त्या संध्याकाळचा मुरवलेला मासा परका होता म्हणून कमी चविष्ट झाला नाही. मापं सगळ्यांना एकच हवीत.

जपान्यांकडून उचलायचं असेल तर मासा उचलू नका, ही मापं उचला. त्यांनी गाडीवरच्या खाण्याला इतकं गंभीरपणे घेतलं की त्याच्या भाताच्या उबेचाही नियम केला, आणि नियम मोडला की दोष दाखवता येऊ लागला. आपल्या आजी-काकूंना असे शेकडो नियम माहीत आहेत: जुन्या तांदळाला पाणी किती, नव्याला किती, कुठल्या तांदळाची भाकरी चिरत नाही, सुकट किती भाजायची. ते कुणी मांडून ठेवले नाहीत, म्हणून ते 'आवड' समजले जातात.

तेव्हा पुढं बसलेल्या मुलांना एक काम देतो आणि थांबतो. या आठवड्यात घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ वही घेऊन बसा. तिनं लावलेल्या, कांडलेल्या, खाल्लेल्या भाताच्या जाती विचारा. ती ओळखते ते मासे विचारा. प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहा: कधी मिळायचा, चांगला कसा ओळखायचा, आणि आता मिळतो का. तिसऱ्या रकान्यात 'नाही' किती वेळा येतं ते मोजा. मग पुढच्या सभेत आम्ही खाली बसू, आणि तुम्ही इथं उभं राहून ते वाचून दाखवा.